फुल सस्पेन्शन सायकल, पुण्यातला पावसाळा आणि ६९०२ क्रमांकाचे बेअरिंग

दोन लाखांच्या आत फुल सस्पेन्शन, म्हणजे पुढे-मागे दोन्हीकडे धक्के शोषणारी, माउंटन बाइक शोधणारे बहुतेक जण ट्रॅव्हल (चाक वरखाली किती हलते ते अंतर) १२० मिमी असावा की १४०, पुढचे चाक धरणारा फोर्क कोणत्या कंपनीचा, गिअर शिमानोच्या डिओर श्रेणीचे की त्याखालच्या श्रेणीचे, या प्रश्नांवर आठवडेच्या आठवडे घालवतात. हे प्रश्न निरर्थक आहेत असे नाही. पण अख्खा पावसाळा पुण्यात सायकल वापरल्यानंतर माझे मत असे झाले आहे की दुकानदाराला पहिला प्रश्न निराळाच विचारावा: मुख्य पिव्होटमध्ये, म्हणजे सायकलीचा मागचा भाग ज्यावर हलतो त्या सांध्यात, कोणत्या क्रमांकाचे बेअरिंग आहे, आणि ते आज तुमच्याकडे शिल्लक आहे का? या प्रश्नाचे उत्तर ज्याला देता येत नाही त्याच्याकडून सायकल घेऊच नये, असे म्हणण्याइतका मी अजून वैतागलेलो नाही. पण फार दूरही नाही.

सायकलीचे आणि दुकानाचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण जे घडले ते याच किमतीतल्या बऱ्याच सायकलींबाबत घडू शकते. २९ इंची चाके, पुढे १४० आणि मागे १३० मिमी ट्रॅव्हल, अॅल्युमिनियमची फ्रेम, मागची रचना सांध्यांनी जोडलेल्या चार दुव्यांची म्हणजे हॉर्स्ट लिंकची (मागच्या चाकाजवळही सांधा असणारी), बारा गिअरचा डिओर संच, पेडलसह वजन पंधरा किलोच्या आसपास. किंमत एक लाख नव्वद हजार. खरेदी २०२५ च्या होळीच्या सुमारास झाली आणि २२ सप्टेंबरपासून सायकलींवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, म्हणजे सहा महिने कळ काढली असती तर सुमारे बारा हजार रुपये वाचले असते. त्याला इलाज नव्हता. मात्र पुढे जागोजागी दिसणारा माझा चिकटपणा कोठून आला हे वाचकांना कळावे म्हणून ही नोंद केली.

एवढ्या पैशांत फुल सस्पेन्शन घ्यावी की उत्तम हार्डटेल (फक्त पुढे सस्पेन्शन असलेली), हा प्रश्न मी बराच काळ चघळला. एक लाखाच्या हार्डटेलला जो फोर्क आणि जे ब्रेक मिळतात, त्याच दर्जाचे फुल सस्पेन्शनवर हवे असतील तर जवळजवळ दुप्पट पैसे मोजावे लागतात, कारण मधला सगळा पैसा मागचे धक्के झेलणाऱ्या शॉकमध्ये, दुव्यांमध्ये आणि फ्रेमच्या गुंतागुंतीच्या घडणीत जातो. त्यामुळे मध्यम किमतीच्या प्रत्येक सायकलीत कंपनीने कोठेतरी हात आखडता घेतलेला असतो: चाकांचे हब साधे असतात, ब्रेक दोन पिस्टनचे असतात, टायरच्या भिंती पातळ असतात. ही काटकसर कोठे केली आहे आणि ती आपल्याला पुढे सावकाश भरून काढता येईल का, हे पाहणे म्हणजेच या किमतीतली निवड. टायर, ब्रेक पॅड आणि गिअर पुढे बदलता येतात. फ्रेमची भूमिती, शॉकचे माप आणि मागच्या दुव्यांची रचना बदलता येत नाही. माझ्या मते म्हणून फ्रेम आणि फोर्क चांगला असेल तर बाकीच्या गोष्टींकडे काणाडोळा करावा, आणि फोर्कमध्येही ३२ मिमी व्यासाच्या नळ्यांऐवजी ३५ मिमीच्या मिळत असतील तर त्यासाठी चार पैसे जास्त द्यावेत. दगडांच्या पायऱ्यांवर पुढचे चाक जिकडे वळवाल तिकडेच जाते ते त्या जाडीमुळे.

माझे नेहमीचे रस्ते दोन. घराजवळची वेताळ टेकडी, जिथे मुरमाच्या वाटेत मध्येच काळ्या कातळाचे थर उघडे पडतात. आणि सुटीच्या दिवशी लोणावळ्याहून तुंगार्लीमार्गे राजमाचीच्या उधेवाडीपर्यंत जाणारा सुमारे पंधरा किलोमीटरचा कच्चा रस्ता. टेकडीसाठी हार्डटेल पुरते, हे मी आजही मान्य करतो. राजमाचीच्या रस्त्यावर मात्र सुट्या दगडगोट्यांतून तासभर सायकल हाकल्यावर हार्डटेलवाल्यांच्या कमरेची आणि मनगटांची जी अवस्था होते, ती चाळिशी ओलांडलेल्या माणसाने पाहिली की निर्णय आपोआप होतो.

दुकानात या वर्गातली सायकल चालवून पाहायला मिळाली नाही. निम्मी रक्कम आगाऊ भरायची, तक्त्यात उंची पाहून मापाचा आकार ठरवायचा आणि वाट पाहायची, असा रिवाज आहे. माझी उंची एम आणि एल या दोन मापांच्या सीमेवर येते. मी एम घेतली, कारण टेकडीवरच्या अरुंद वळणांत लहान सायकल हाताळायला सोपी जाते. या निवडीबद्दल आजही समाधान आहे.

पहिल्या महिन्यात जर हा लेख लिहिला असता, तर मागच्या सस्पेन्शनवर मी सडकून टीका केली असती. दगडावर चाक आदळले की धक्का सरळ पाठीत येई, आणि चढावर मात्र सायकल डुलत असे. मला वाटू लागले की स्वस्तातला शॉक देऊन कंपनीने तोंडाला पाने पुसली. प्रत्यक्षात दुकानात शॉकमध्ये हवा भरमसाट भरलेली होती. माझा शॉक २१० बाय ५० मिमीचा आहे, म्हणजे तो जास्तीत जास्त ५० मिमी दाबला जातो, आणि स्वार नुसता बसल्यावर त्यातले २५ ते ३० टक्के, म्हणजे १३ ते १५ मिमी, आत गेले पाहिजे. माझ्या वजनाला तो जेमतेम आठ मिमी जात होता. शॉकवरचे रबराचे छोटे कडे वर सरकवून, सायकलीवर अलगद बसून आणि अलगद उतरून ते किती खाली आले ते पट्टीने मोजायचे, एवढेच हे काम आहे. पण त्यासाठी लागणारा ३०० पीएसआयपर्यंत मोजणारा शॉक पंप सायकलीसोबत मिळत नाही आणि दुकानदार तो आपण होऊन सुचवतही नाही. सामानासह स्वाराचे वजन पौंडांत जेवढे, तेवढ्या पीएसआयपासून सुरुवात करावी असा ठोकताळा आहे. मी १७२ पासून सुरू करून १८० वर स्थिरावलो. त्या दिवसापासून मागचा भाग निराळीच सायकल असल्यासारखा चालू लागला. डुलण्याचा प्रश्न लांब चढावर शॉकचा खटका अर्धा बंद केल्याने बऱ्यापैकी मिटतो.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात सांगतो. ड्रॉपर सीटपोस्ट, म्हणजे चालवतानाच खोगीर खाली-वर करू देणारा दांडा, ही मला आधी चैन वाटत होती आणि ती नसलेले स्वस्त मॉडेल घेण्याचा विचार मी गांभीर्याने केला होता. आता उतारावर खोगीर खाली नसेल तर मी सायकलीवरून उतरून चालतो. ब्रेकच्या चकत्यांवर फक्त रेझिनचे पॅड वापरावेत अशी बारीक अक्षरांतली सूचना कोरलेली आहे. राजमाचीहून परतताना ब्रेक तापून ढिले पडतात म्हणून धातूमिश्रित पॅड घालायचे ठरवले, तेव्हा चकत्याही बदलाव्या लागल्या. पावसाआधीच टायर ट्यूबलेस करून घ्यावेत, कारण टेकडीवर बाभळीचा काटा लागला नाही असा दिवस नाही. आत ओतलेले, भोक बुजवणारे सीलंट आपल्या उन्हाळ्यात लवकर सुकते, तेव्हा ते दर दोन-तीन महिन्यांनी तपासावे. मागच्या डिरेलरचा (गिअर बदलणाऱ्या यंत्रणेचा) फ्रेमला जोडणारा हँगर स्रॅम कंपनीने २०१९ मध्ये आणलेल्या सार्वत्रिक मापाचा असेल तर तो बहुधा कोठेही मिळतो. माझा तसा नाही, म्हणून एक जादा हँगर पहिल्याच दिवशी मागवून ठेवला आहे.

आता मूळ विषयाकडे.

जुलैच्या अखेरीस पेडल मारताना खालून कुरकुर ऐकू येऊ लागली. सायकलीचा आवाज कधीच आपल्या खऱ्या जागेवरून येत नाही. पोकळ नळ्यांतून तो भलतीकडे पोहोचतो. मी आधी सीटपोस्ट काढून पुसून, ग्रीस लावून बसवला. मग पेडल. मग क्रँक (पेडलांचे दांडे) काढून खालचा ब्रॅकेट घट्ट केला. कुरकुर कायम. शेवटी सायकल स्टँडला लावून खोगीर एका हाताने हलकेच दाबले आणि दुसऱ्या हाताची बोटे एकेका सांध्यावर ठेवली, तेव्हा क्रँकच्या अगदी मागे असलेल्या मुख्य पिव्होटमध्ये डाव्या बाजूला बोटांना बारीक कंप जाणवला. चार दुव्यांच्या रचनेत मागच्या चाकाचा बहुतेक भार या सांध्यावर येतो आणि मागच्या टायरने उडवलेला सगळा चिखल नेमका तेथेच साचतो.

दुकानात सायकल दाखवली. सायकल घेऊन सहा महिनेही झाले नव्हते. तेथील व्यवस्थापक सौजन्याने वागले, हे मान्य केले पाहिजे.

"सर, फ्रेमला वॉरंटी आहे, पण बेअरिंग हा झिजणारा भाग आहे. तो वॉरंटीत येत नाही."

"पहिल्याच पावसाळ्यात झिजणारा?"

"आपण पावसात चालवलीत ना, सर."

माउंटन बाइक पावसात चालवू नये, हे विक्रीच्या वेळी कोणी सांगितले नव्हते. आठ बेअरिंगांचे संपूर्ण किट साडेसहा हजार रुपयांना, मजुरी वेगळी, आणि ते परदेशातून यायला सहा आठवडे. सुटे बेअरिंग मिळणार नाही. क्रमांक विचारला तर तो त्यांच्या संगणकात नव्हता; तेथे फक्त किटचा क्रमांक होता. मी दोन हजार रुपये आगाऊ भरून मागणी नोंदवली आणि घरी आलो. पण ऐन पावसाळ्यात सहा आठवडे सायकल भिंतीला टेकवून ठेवायची ही कल्पना काही केल्या पचेना.

त्या रविवारी पिव्होट स्वतःच उघडला. बोल्टच्या डोक्यावर किती न्यूटन मीटरने आवळायचा ते छापलेले असते. ते लिहून ठेवावे, कारण परत बसवताना टॉर्क रेंच आणि आट्यांवर, ते ढिले पडू नयेत म्हणून, निळे लॉकटाइट लागते. बोल्ट निघताच कपभर नाही, पण चमचाभर तांबूस पाणी फरशीवर सांडले. डाव्या बाजूच्या बेअरिंगमध्ये बोट घालून फिरवायचा प्रयत्न केला, तर ते फिरतच नव्हते. उजव्या बाजूचे खरखरत फिरत होते. डाव्या बेअरिंगचे रबरी सील ब्लेडच्या टोकाने उचकटले. आत गंजलेले छर्रे, आणि ग्रीस म्हणावे असे काही नाही, कडेला चिकटलेला एक पिवळट थर फक्त. आणि त्या सीलवर, चिखल पुसल्यावर, स्वच्छ अक्षरांत छापलेले होते: ६९०२ टू आरएस. आतला व्यास १५, बाहेरचा २८, रुंदी ७ मिमी. हे कोणत्याही सायकल कंपनीचे खास माप नव्हे. साध्या यंत्रांत सर्रास वापरले जाणारे बेअरिंग आहे.

दुसऱ्या दिवशी नाना पेठेत गेलो. बेअरिंगच्या दुकानातल्या काकांनी जुने बेअरिंग चिमटीत धरून उलटसुलट पाहिले, सायकलीचे आहे म्हटल्यावर एकदा माझ्याकडेही पाहिले, आणि मागच्या खणातून एसकेएफची दोन खोकी काढली. त्यांच्यावर ६१९०२ असा क्रमांक होता. काका म्हणाले, "एकच आहे साहेब, यांच्याकडे मध्ये एक जास्तीचा १ असतो." दोन्हींचे मिळून हजार रुपयेही झाले नाहीत. ज्या कंपनीचा कारखाना चिंचवडला आहे, तिचे बेअरिंग पुण्यात बसून सहा आठवड्यांनी परदेशातून का मागवायचे, या प्रश्नाचे उत्तर मला दुकानाकडून अद्याप मिळालेले नाही.

जुने बेअरिंग काढायला आणि नवे बसवायला महागडे प्रेस विकत घ्यावे लागत नाही. आटे असलेला हातभर रॉड, दोन नट, काही जाड वॉशर आणि बेअरिंगच्या बाहेरच्या कड्याएवढा एक सॉकेट, एवढ्यावर काम भागते. दाब फक्त बाहेरच्या कड्यावर यायला हवा. आतल्या कड्यावर आला तर नवे बेअरिंग बसवतानाच बाद होते. हातोडीचा मोह टाळावा. बेअरिंग सरळ रेषेत शिरू लागले की नट फिरवताना हाताला एकसारखा विरोध जाणवतो आणि तळाशी टेकल्यावर तो एकदम वाढतो, तेथे थांबावे. बसवण्याआधी मी दोन्ही नव्या बेअरिंगांची सीले उचलून आत पाण्याला दाद न देणारे मरीन ग्रीस काठोकाठ भरले. वेगाने फिरणाऱ्या यंत्रात इतके ग्रीस घालणे चूक ठरते, कारण ते तापते. पिव्होटमध्ये तो प्रश्नच उद्भवत नाही.

याचे कारणही समजून घेण्यासारखे आहे, कारण त्यामुळे या विषयातले माझे मत निम्मे बदलले. चाकातले बेअरिंग पूर्ण फिरते आणि फिरताना ग्रीस सगळीकडे पसरवत राहते. पिव्होटमधले बेअरिंग दाराच्या बिजागरीप्रमाणे काही अंशांत पुढेमागे होते, एवढेच. तेच मोजके छर्रे त्याच जागी दाबले जातात, ग्रीस बाजूला सारले जाते, पाणी शिरले तर तेथेच मुरते, आणि कड्यावर छोटे खळगे पडतात. म्हणून चांगल्या पिव्होट बेअरिंगमध्ये छर्ऱ्यांना जागच्या जागी धरणारा पिंजराच नसतो आणि त्या मोकळ्या जागेत जास्तीचे छर्रे भरलेले असतात. असे बेअरिंग वेगात फिरवायला निरुपयोगी असते, पण भार अधिक पेलते. नाना पेठेतले माझे बेअरिंग पिंजऱ्याचे आहे. म्हणजे दुकानाचे साडेसहा हजारांचे किट ही निव्वळ लूट नव्हती. त्यातला माल या कामासाठी अधिक योग्य होता. शिवाय पुढे सगळे सांधे उघडल्यावर असे दिसले की आठपैकी सहा बेअरिंग सर्वसाधारण मापाची आहेत, पण चाकाच्या अक्षाजवळच्या दोहोंचे आतले कडे एका बाजूने लांबवलेले आहे आणि तसे पेठेत कोणाकडेही नव्हते. ती दोन्ही सुदैवाने शाबूत होती; साफ करून, ग्रीस भरून परत बसवली. ती जातील तेव्हा किटला पर्याय राहणार नाही.

तरीही माझी तक्रार मागे घेतलेली नाही. ज्या सांध्यात पावसाळ्याचा चिखल थेट येतो तेथे कारखान्यातून येताना पुरेसे ग्रीस नसणे, आणि विकणाऱ्याला त्या भागाचा क्रमांकही ठाऊक नसणे, हे एक लाख नव्वद हजारांत बसत नाही. दरवर्षी जूनच्या आधी सांधे उघडून ग्रीस भरा, एवढे एक वाक्य विक्रीच्या वेळी सांगितले असते तर प्रश्नच आला नसता.

जे आता खरेदीच्या विचारात आहेत त्यांच्यासाठी याचा अर्थ असा. हॉर्स्ट लिंकच्या पेटंटची मुदत संपल्यापासून चार दुव्यांची रचना मध्यम किमतीत सहज मिळू लागली आहे. ती ब्रेक लावल्यावरही मागचे चाक जमिनीला धरून ठेवते आणि तिची कीर्ती रास्त आहे. पण कोकणात, मावळात किंवा मुंबईच्या आसपास भर पावसात चालवणार असाल आणि हाताने काम करण्याची आवड नसेल, तर जायंट कंपनीच्या स्टान्स या सायकलीसारखी रचना माझ्या मते अधिक शहाणपणाची आहे. तिच्यात चाकाजवळ सांधाच नसतो, मागच्या नळ्याच किंचित लवतात, आणि जितके सांधे कमी तितक्या पाणी शिरण्याच्या जागा कमी. उतारावरचा थोडा मऊपणा त्या बदल्यात गमवावा लागतो. राजमाचीच्या रस्त्यावर तो मला जाणवला असता. टेकडीवर बहुधा नसता. जे वर्षातले आठ महिने कोरड्यात चालवतात आणि पावसात सायकल घरी ठेवतात त्यांना मात्र या सगळ्या चर्चेची गरज नाही. त्यांनी खुशाल चार दुव्यांची घ्यावी. एक गोष्ट सर्वांसाठी: चिखलाने माखलेली सायकल वॉशिंग सेंटरच्या पंपाखाली धरू नका. ज्या दाबाने स्कूटरच्या मडगार्डखालचा चिखल निघतो त्याच दाबाने पाणी सील ओलांडून आत जाते. बादली, मऊ ब्रश आणि नंतर सांध्यांवर कोरडे फडके, इतके पुरे.

दुरुस्तीनंतर कुरकुर पूर्ण थांबली आणि पावसाळ्याचा उरलेला भाग सायकल निमूट चालली. परतीच्या पावसात उधेवाडीच्या अलीकडचे ओढे ओलांडताना मागचे चाक गुळगुळीत दगडांवरून जसे गेले, त्यासाठी हार्डटेलकडे परत जाण्याचा विचार मनात येत नाही. नोव्हेंबरात पिव्होट पुन्हा उघडून पाहिला: ग्रीस मळले होते, पण पाण्याचा थेंब नव्हता. मागच्या शॉकच्या बाहेरच्या डब्याची सील बदलण्याची वेळ दर पन्नास तासांनी येते आणि आतल्या तेलाची दर दोनशे तासांनी. पहिले काम घरी जमते, दुसऱ्याला नायट्रोजन भरण्याची सोय लागते. त्या कामाचा दर मी आतापासूनच तीन ठिकाणी विचारून ठेवला आहे आणि तिन्ही आकड्यांत जमीनअस्मानाचे अंतर आहे.

दुकानाचे किट अखेर ऑक्टोबरात आले. मी ते घेतले नाही. आगाऊ रक्कम परत करण्याची पद्धत नाही असे सांगण्यात आले, म्हणून त्या दोन हजारांचे सीलंट आणि ब्रेक पॅड घेतले. बिलावर ब्रेक पॅडांना मात्र जीएसटी पाचच टक्के लावला आहे ना, हे तपासून घेतले.